कुठली तारीख, कुठला वार?

गेल्या अंकात मी लग्नपत्रिकांबद्दल लिहिताना सहज एक ओळ टाकली होती, की ज्या मजकुरात वार नाही तो आमच्या छापखान्यात मशीनवर चढत नसे. त्या एका ओळीवर सतरा पत्रं आली. हिशोबाच्या वह्या, जन्मपत्रिका, रेल्वेची तिकिटं, धनादेश, एकानं तर मोडी कागदाची झेरॉक्स जोडली आहे. तेव्हा या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवतो आणि आपल्या देशात तारीख-वेळ लिहिण्याची जी काही त्रांगडी आहेत, तीच घेतो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : इंदूरच्या खजुरी बाजारामागच्या गल्लीत आमचं एक ट्रेडल मशीन होतं, शिशाचे खिळे होते, आणि मी तिथे ४१ वर्षं जुळारी, प्रूफ वाचणारा, वसुलीला जाणारा असा सगळाच होतो. वैशाखात रात्री दोन-दोनपर्यंत पत्रिका छापायच्या आणि सकाळी पोहे-जलेबी खाऊन पुन्हा खिळे जुळवायला बसायचं. तारखा मी तिथे शिकलो. पंचांग मला येतं ते तेवढंच.

प्रश्न : सासूबाईंच्या जुन्या जन्मपत्रिकेत 'शके १८६९, फाल्गुन वद्य ५' असं आहे. आधार कार्डावर १ जुलै १९४७. माझ्या मुलानं शकात ७८ मिळवून मार्च १९४७ काढला. शेजारच्या पंडितजींनी 'फाल्गुन कृष्ण पंचमी' धरून फेब्रुवारी १९४८ सांगितला. सासूबाईंचं एकच, 'मी रंगपंचमीची.' त्यांचा वाढदिवस करायचा आहे, तारीख कुठली धरू? (एक सूनबाई, सुदामानगर, इंदूर)

उत्तर : सूनबाई, सासूबाईंचं खरं आहे. मुलाचं आणि पंडितजींचं थोडं थोडं चुकलं, आणि दोघांची चूक वेगवेगळी आहे.

आधी पंडितजी. त्यांचं गणित बरोबर, महिना मात्र त्यांचा. आपल्या मराठी पंचांगात महिना अमावास्येला संपतो. इथल्या हिंदी पंचांगात तो पौर्णिमेला संपतो. त्यामुळे शुद्ध पक्षात दोन्ही घरांत महिन्याचं नाव एकच असतं, आणि वद्य पक्ष लागला की हिंदी घर एक महिना पुढे जातं. आपली महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशी, त्यांची फाल्गुन कृष्ण चतुर्दशी. आपली गोकुळाष्टमी श्रावणात, त्यांची भाद्रपदात. दिवाळीची अमावास्या आपल्याकडे आश्विनातली, त्यांच्याकडे कार्तिकातली. उपास, दिवे, फराळ सगळं एकाच दिवशी, फक्त कागदावर महिना निराळा. तशीच आपली फाल्गुन वद्य पंचमी म्हणजे त्यांची चैत्र कृष्ण पंचमी, म्हणजेच रंगपंचमी. पंडितजींनी मराठी पत्रिकेतला फाल्गुन स्वतःच्या फाल्गुनासारखा वाचला आणि एक महिना अलीकडे आले. राजवाड्यासमोरून गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, निघते तेव्हा तीनमजली गच्चीवरचा माणूसही भिजतो. त्या दिवशी जन्मलेल्या बाईला महिना सांगायला पंचांग लागत नाही.

हे त्रांगडं माझ्या चांगलंच ओळखीचं आहे. मुलगा मराठी, मुलगी अग्रवालांची, लग्न वैशाख वद्यातलं. मुलाकडची पत्रिका आमच्याकडे छापली, 'वैशाख वद्य'. मुलीकडची दुसरीकडे छापली, 'ज्येष्ठ कृष्ण'. मुलाच्या आत्या उज्जैनहून थेट छापखान्यात आल्या. म्हणाल्या, 'लग्न महिनाभर पुढे ढकललं आणि आम्हाला कुणी सांगितलंही नाही?' मी त्यांच्यासमोर दोन्ही पत्रिका ठेवल्या आणि वारावर बोट ठेवलं. दोन्हीकडे शुक्रवार, दोन्हीकडे तीच इंग्रजी तारीख. तेव्हा कुठे त्यांनी पाणी घेतलं.

आता मुलाची चूक. शकाचं इंग्रजी साल काढायला ७८ मिळवायचे हे शाळेत शिकवतात, पण पुढचं वाक्य कुणी शिकवत नाही. गुढीपाडव्यापासून ३१ डिसेंबरपर्यंत ७८. एक जानेवारी उजाडला की इंग्रजी साल पुढे जातं आणि आपला शक पाडव्यापर्यंत तोच राहतो, म्हणून तिथून ७९. फाल्गुन नेहमीच जानेवारीनंतर येतो. तेव्हा १८६९ आणि ७९, म्हणजे १९४८. मार्च १९४८चा शेवटचा आठवडा.

नेमका दिवस? माझ्या हिशोबानं पंचमी २९ किंवा ३० मार्चला पडते. तुम्ही पत्रिका पुन्हा उघडा आणि 'वासरे' हा शब्द शोधा. जुने जोशीबुवा तो लिहिल्याशिवाय राहत नसत. 'इंदुवासरे' असेल तर सोमवार, २९ मार्च. 'भौमवासरे' असेल तर मंगळवार, ३०. तिथी, शक, संवत, महिना सगळं घराघराप्रमाणे बदलतं, वार तेवढा सगळ्यांचा एक.

राहिला १ जुलै. आपल्या मध्य प्रदेशात शाळा पूर्वी १ जुलैला उघडायच्या. नाव घालायला आलेल्या बापाला तिथी आठवत असे, तारीख नसे. गुरुजी अंदाजानं साल धरत आणि पुढे १ जुलै लिहून मोकळे होत. माझ्या वर्गात असे सातजण होते. (त्यातला एक सरकारी नोकरीत गेला. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीला निवृत्त होतो, म्हणून तो ३० जूनला घरी आला. गुरुजींच्या नावानं अजून बोटं मोडतो.) आधार कार्ड बदलण्याच्या फंदात पडू नका. वाढदिवस रंगपंचमीला करा, सासूबाईंना तसाही तोच हवा आहे.

प्रश्न : तिकीट १३ तारखेचं, वेळ ००.२५. आम्ही १३ला जेवणं उरकून रात्री अकरा वाजता रतलाम स्टेशनावर पोचलो, तर गाडी आदल्या रात्रीच गेलेली. असं छापणं बरोबर आहे का? आणि दुसरं, घरच्या पंचांगात चतुर्थी '२६.१४ पर्यंत' असं छापलंय. घड्याळात २६ कुठून आले? (एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर)

उत्तर : तुम्ही दोन प्रश्न पाठवलेत, पण आहे तो एकच. पंचांगाचं उत्तर समजलं असतं तर गाडी मिळाली असती.

रेल्वेचा दिवस मध्यरात्री सुरू होतो आणि ००.०० ते २३.५९ असा चालतो. १३ तारखेचे ००.२५ म्हणजे तेरावा दिवस लागून पंचवीस मिनिटं झालेली. आपल्या डोक्यातला दिवस मात्र उजाडल्यावर सुरू होतो. '१३ची रात्र' म्हटलं की १३चा सूर्य मावळल्यानंतरची रात्र हे आपण धरूनच चालतो. त्यात चूक काही नाही, पंचांगवालेही तसंच धरतात. त्यांचा दिवस सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत. मग मध्यरात्रीनंतरचे दोन वाजून चौदा मिनिटं त्यांनी कुठे लिहायची? दिवस तर अजून तोच आहे. म्हणून काही पंचांगं बारानंतर मोजणं थांबवत नाहीत : २४, २५, २६. तुमची २६.१४ म्हणजे त्या रात्रीचे दोन चौदा. इंग्रजी तारीख पुढची, वार पंचांगाच्या लेखी आदलाच. दुसरी काही पंचांगं याच वेळेला 'उत्तररात्री २-१४' म्हणतात, ते मला जास्त आवडतं.

आपल्या इथल्या हिंदी वर्तमानपत्रांनी यावर झकास तोडगा काढला आहे. चोरी झाली की बातमीत लिहितात, '१२-१३ की दरमियानी रात'. दोन तारखांच्या मधली रात्र. तुम्हीही तिकिटावर पेनानं तेवढंच लिहून ठेवत जा : १२ आणि १३च्या मधली रात्र, सोमवारी जेवून निघायचं. रात्री बारा ते पहाटे चार यातली कुठलीही गाडी असली, की तिकीट काढल्याबरोबर निघायचा वार लिहायचा. गाडी कुठल्या वारी सुटते ते नाही, आपण घराला कुलूप कुठल्या वारी लावायचं ते.

प्रश्न : काका, धनादेशावर शके तारीख घातली तर बँक घेते का? मित्रांशी पैज लागली आहे. (एक विद्यार्थी, इंदूर)

उत्तर : घेते. पैज जिंकलास. पण तू 'शके तारीख' म्हणतोस ती आणि सूनबाईंच्या पत्रिकेतली तिथी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, एवढं समजून घे.

स्वातंत्र्यानंतर देशात इतकी पंचांगं होती की सरकारनं १९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या अहवालावरून २२ मार्च १९५७ या दिवशी राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तो दिवस १ चैत्र १८७९. यात चंद्राचा संबंध नाही, तिथी नाही, पक्ष नाही. चैत्र ३० दिवसांचा, लीप वर्षी ३१. वैशाख ते भाद्रपद ३१ दिवसांचे, बाकीचे ३०. वर्ष २२ मार्चला सुरू होतं, लीप वर्षी २१ला. भारताच्या राजपत्रावर ही तारीख असते, आकाशवाणीवरही सांगतात, आणि रिझर्व्ह बँकेचं बँकांना स्पष्ट सांगणं आहे की राष्ट्रीय शक दिनदर्शिकेप्रमाणे हिंदीत तारीख लिहिलेला धनादेश बाकी सगळं ठीक असेल तर वटवावा. त्यांनी फक्त इंग्रजी तारखेशी ताडून बघायचं, कारण १ एप्रिल २०१२पासून धनादेश तीन महिन्यांत शिळा होतो.

हे सगळं कागदावर. मी स्वतः एकदा हौसेनं २८ फाल्गुन लिहून धनादेश दिला होता. खिडकीतल्या मुलीनं तो उलटा करून पाहिला, सरळ करून पाहिला, मग म्हणाली, 'अंकल, यह तो पंचांग है.' साहेबांना बोलावलं. साहेबांनी आणखी मोठ्या साहेबांना फोन लावला. पाऊण तास गेला, धनादेश वटला. आता तर धनादेशावर तारखेसाठी आठ चौकोन छापलेले असतात, दोन दिवसाचे, दोन महिन्याचे, चार वर्षाचे. त्यात महिना आकड्यात जायचा, फाल्गुन बारावा. म्हणजे २८-१२-१९४६. खिडकीतली मुलगी तो १९४६चा डिसेंबर समजली तर तिला दोष देऊ नकोस. पैज जिंक आणि भाडं भरायला मात्र इंग्रजी तारीख घाल.

जाता जाता : संविधानाची हिंदी उद्देशिका काढून वाच. तिच्यात २६ नोव्हेंबर १९४९बरोबर कंसात 'मिति मार्गशीर्ष शुक्ला सप्तमी, संवत् दो हजार छह विक्रमी' असं आहे. मराठी उद्देशिकेत नुसती इंग्रजी तारीख. आणि पुढे १९५७ साली सरकारनं संवत सोडून शक धरला. असा आपला देश.

प्रश्न : आमच्या गुजराती शेजाऱ्यांचा आणि ग्वाल्हेरच्या नणंदेच्या दिनदर्शिकेतला संवत वर्षातले काही महिने जुळत नाही. दोन्ही विक्रम संवतच ना? (एक गृहिणी, वडोदरा)

उत्तर : दोन्ही विक्रमच. उत्तरेत संवत चैत्र शुद्ध प्रतिपदेला बदलतो, गुजरातेत कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी. चैत्र ते आश्विन तुमचे शेजारी एकानं मागे असतात, दिवाळी झाली की दोघं बरोबर. गंमत म्हणजे गुजराती महिनेही आपल्यासारखे अमावास्येला संपतात. त्यामुळे वडोदऱ्यात तुमची आणि शेजारणीची तिथी जुळते, साल जुळत नाही. इंदुरात माझी आणि शेजाऱ्याची तिथी जुळते, महिन्याचं नाव मात्र निम्मे दिवस जुळत नाही.

एकच दिवस मांडून दाखवतो. बुधवार, १९ मार्च २०२५. मराठी घरात फाल्गुन वद्य ५, शके १९४६. इंदुरातल्या हिंदी घरात चैत्र कृष्ण ५, संवत २०८१ (चैत्र लागला तरी साल जुनंच, ते अकरा दिवसांनी बदललं). वडोदऱ्यात फागण वद ५, संवत २०८१. सरकारी कागदावर २८ फाल्गुन १९४६. रंग सगळ्यांच्या अंगावर त्याच दिवशी.

तुमच्याच पत्रात खाली मुलीचा प्रश्न आहे, की पत्रिकेत आकडे मराठी घालावेत की इंग्रजी. मी मराठीचा माणूस, खिळे माझे देवनागरी. पण नातवानं मला एक धडा दिला. त्यानं १४ हा आकडा पाहून 'अठ्ठ्याण्णव' वाचलं. बघा तुम्ही : आपला १ इंग्रजी नवासारखा दिसतो आणि आपला ४ इंग्रजी आठासारखा. ज्यानं फक्त इंग्रजी आकडे गिरवलेत त्याला १४ म्हणजे अठ्ठ्याण्णवच. तुमच्याकडे तर गुजराती पाच आपल्याला 'प' वाटतो. तेव्हा आकडे मराठीच घाला, पण महिना अक्षरात आणि वार पुढे. 'शुक्रवार, १४ फेब्रुवारी' असं असलं की अठ्ठ्याण्णव वाचणाराही थबकतो आणि आईला विचारतो.

प्रश्न : घरच्या पेटीत एक मोडी कागद निघाला. जाणकारानं शेवटची ओळ वाचून दिली : 'सलास सबैन मया व अलफ'. हे साल आहे म्हणतात. कसं मोजायचं? (एक निवृत्त शिक्षक, लष्कर, ग्वाल्हेर)

उत्तर : गुरुजी, पेटी सांभाळा. हा सुहूर सन, मराठेशाहीच्या दफ्तरातला नेहमीचा. आकडे अरबी शब्दांत आणि एककापासून वर. मागून वाचत आलं की सोपं जातं : अलफ हजार, मया शंभर, सबैन सत्तर, सलास तीन. झाले ११७३. यात ५९९ मिळवले की इंग्रजी साल येतं, १७७२. पण हेही साल जानेवारीला बदलत नाही, मृग लागला की बदलतं, म्हणून त्याला मृगसाल म्हणत. शेतकऱ्याच्या पेरणीबरोबर सरकारचं साल सुरू. तेव्हा जून ते डिसेंबर ५९९ आणि जानेवारी ते मृगापर्यंत ६००. तुमचा कागद जून १७७२ ते जून १७७३ यांच्या मधला. थोरले माधवराव गेले ते १८ नोव्हेंबर १७७२ला, म्हणजे याच सालात. कागदात पुण्याचा काही उल्लेख असेल तर तो त्या आधीचा की नंतरचा हे जरूर बघा.

ताळा करून बघायचा तर पानिपत घ्या. 'इहिदे सितैन मया व अलफ' : हजार, शंभर, साठ, एक. ११६१. लढाई जानेवारीतली, म्हणून ६०० मिळवायचे, १७६१. त्याच दिवसाची तिथी पौष शुद्ध ८, शके १६८२. पौष जानेवारीत आला म्हणून इथे ७९, पुन्हा १७६१. दोन्हीकडून १४ जानेवारी १७६१ला येऊन पोचतो. वर सूनबाईंच्या मुलानं ७८ धरले तसे इथे धरले, तर भाऊसाहेब वर्षभर आधीच पडतील.

एक खूण आणखी. मजकुरात एखाद्या मुसलमानी महिन्याआधी 'छ' आणि आकडा असेल, 'छ ४ साबान' असा, तर तो चंद्राच्या तारखेचा आकडा आहे. 'छ'चा अर्थ लावत बसू नका. आमचे आजोबा सांगत, की एका नवख्या कारकुनानं त्याचे 'सहा' केले होते.

प्रश्न : पत्रिकेत वेळ ११.३० लिहावी, ११:३० की ११-३०? (एक वधूपिता, राजेंद्रनगर, इंदूर)

उत्तर : तिन्ही चालतात, आणि तिन्हींत एक खड्डा आहे. त्यात मी स्वतः पडलो आहे.

मी नुकताच मॅट्रिक झालो होतो आणि दशांश अपूर्णांक मला फार चांगले येत असत. एका गृहस्थांनी वहीच्या कागदावर मजकूर आणून दिला, 'शुभमुहूर्त सकाळी ११.५'. त्यांच्या मनात अकरा वाजून पाच मिनिटं. मी म्हटलं, अकरा पूर्णांक पाच दशांश म्हणजे साडेअकरा, आणि भारदस्त दिसावं म्हणून अक्षरांत जुळवलं : 'सकाळी साडेअकरा वाजता'. त्यांनी प्रूफ पाहिलं, नावं तपासली, मामांचं नाव आधी का नाही यावरून वाद घातला, वेळ कुणी पाहिलीच नाही. चारशे पत्रिका गेल्या. लग्नाच्या दिवशी अकरा वाजून पाच मिनिटांनी मंगलाष्टकं संपली तेव्हा मांडवात घरचे पंचवीस-तीस लोक होते. सव्वाअकराला टांगे यायला लागले. अक्षता हातात घेऊन उभे असलेले लोक मी पाहिले, कारण मलाही जेवायचं बोलावणं होतं. बाबांनी छपाईचे पैसे परत केले आणि महिनाभर मला फक्त शाई पुसायला ठेवलं.

तेव्हापासून मुहूर्त 'सकाळी ११ वाजून ०५ मिनिटांनी' असाच छापायचा. लांब होतो, होऊ दे. मिनिट एक आकडी असलं की आधी शून्य, चुकता कामा नये. बाकी स्वागत समारंभाची वेळ ७.३० लिहा नाही तर ७-३०, लोक नऊलाच येणार आहेत.

प्रश्न : वडिलांचा जन्म मुंबईचा, १९५०चा. पत्रिकेत दोन वेळा आहेत, एक 'मुं. टा.' आणि दुसरी 'स्टॅ. टा.'. दोघांत ३९ मिनिटांचा फरक. चूक की काय? (वाचक, उज्जैन)

उत्तर : चूक नाही, जोशीबुवा काळजीचे होते. देशाची प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६पासून लागू झाली, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखावृत्ताप्रमाणे. मुंबईकरांनी आपली जुनी वेळ सोडली नाही, ती ३९ मिनिटं मागे, आणि १९५५पर्यंत ती चालू होती. कलकत्त्याची वेळ १९४८पर्यंत. म्हणून त्या काळच्या पत्रिकेत टाइम कुठला ते लिहावंच लागे. घरात कुणी १९४२च्या सप्टेंबरपासून १९४५च्या ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जन्मलेलं असेल तर आणखी जपा. महायुद्धात सगळ्या देशाची घड्याळं एक तास पुढे होती.

उज्जैनला राहता म्हणून सांगतो : वेधशाळेत सम्राट यंत्राची सावली पाहिलीत तर ती आपल्या हातातल्या घड्याळाशी जुळत नाही. ती उज्जैनची स्वतःची वेळ आहे, सरासरी सत्तावीस मिनिटं मागे. इंदुरात साधारण साडेसव्वीस. वडोदऱ्यात सदतीस. आमच्या आजीला 'बारा वाजले' म्हटलं की ती अंगणात जाऊन आपली सावली बघायची आणि म्हणायची, 'अजून कुठे.' तिचं बरोबर असायचं.

आता उरलेल्यांना दोन-दोन ओळी. पावणेअकरा म्हणजे १०.४५, ११.१५ नव्हे, नातीला सांगा की पाव भाग अजून यायचा आहे. औषधाच्या पाकिटावर नुसता महिना-साल असेल तर ते औषध त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत घ्यायचं, पहिल्या दिवशी फेकायचं नाही. अमेरिकेतल्या मुलाला ५/६ लिहून पाठवाल तर तो ६ मेला विमानतळावर उभा राहील. ५ जून असं लिहा. संगणकात फायलींना नावं देणाऱ्या पोरांनी मात्र साल-महिना-दिवस असंच लिहावं. भारतीय मानक ब्यूरोचं आयएस ७९०० हे मानकही तेच सांगतं, आणि फायली आपोआप ओळीनं लागतात.

ज्या वाचकांनी पत्रावर नुसतं 'काल' एवढंच लिहिलं आहे, त्यांचं पत्र परवा मिळालं.